जिप्सी, मामा आणि फुटलेला बांध

खरं सांगा, तुमच्याही फीडमध्ये ते रील येऊन गेलंय ना? चिखल उडवत जाणारी जीप, मागे ढणढणणारं गाणं, स्लो मोशनमध्ये उडणारं पाणी आणि खाली 'वन्स इन अ लाइफटाइम' वगैरे कॅप्शन. मी अशी रील्स इतक्या जणांना फॉरवर्ड केली की आमच्या डेस्कवरच्या ताई शेवटी वैतागल्या. 'इंटर्नशिप संपायला तीन आठवडे राहिलेत. एकदा स्वतः बसून ये आणि मग लिही,' म्हणाल्या.

बसून आले. आणि लिहितेय. पण सगळं ठरवल्यासारखं झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी मी एका बाईंच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहून भात लावत होते, आणि चूक शंभर टक्के माझी होती.

तर गाडी माझ्या मामेभावाची. दादा चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दीड वर्ष ओव्हरटाइम मारून त्याने सेकंडहँड जिप्सी घेतली. जिप्सी म्हणजे तीच, लष्कराच्या ताफ्यात आणि पोलीस स्टेशनच्या दारात आपण लहानपणापासून पाहिलेली चौकोनी गाडी. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली, १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन घालून 'जिप्सी किंग' केली. आता शोरूममध्ये मिळत नाही. एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, मागच्या सीटवर बसलं की मणके मोजून मिळतात. मग लोक हिच्यामागे वेडे का? तर वजन. जेमतेम टनाच्या आसपास. शिवाय खाली ट्रकसारखी शिडीची चासी, म्हणजे वर काहीही कापा, जोडा, बदला, गाडी सोसते.

आणि दादाने कापलं, जोडलं, बदललं. मोठे मड टायर, ज्यांच्या खाचांमध्ये माझं अख्खं बोट जातं. पाटे बदलून गाडी दोन इंच वर. पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, म्हणजे गाडी अडकली तर दोरी झाडाला बांधून स्वतःलाच ओढून काढायची मोटर. बाजूने वर गेलेला काळा पाइप म्हणजे स्नॉर्कल. पाण्यात इंजिनाला हवा वरून मिळावी म्हणून. आत रोल केज. वर दिवे. विंचचेच चाळीस हजार. एकूण आकडा दादाने मला सांगितला, पण छापायचा नाही या अटीवर, कारण मामा पेपर वाचतो.

मामाबद्दल सांगायलाच हवं. मामा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. भोर डेपो. वरंध घाटातून महाडला जाणारी गाडी त्याने कित्येक पावसाळे चालवली. त्याच्या मते गाडी ही रस्त्यावर चालवायची वस्तू आहे आणि रस्ता सोडून ती चालवणारा माणूस एकतर प्यायलेला असतो किंवा श्रीमंत. दादा दोन्ही नाही, त्यामुळे मामाला त्याचं काय करावं ते कळत नाही. 'त्या पैशात वाकडला फ्लॅटचं बुकिंग झालं असतं,' हे वाक्य त्यांच्या घरी मीठ मागितल्यासारखं येतं. दादा पुढच्या पावसाळ्यात गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला उतरायचं म्हणतोय. २०१४ पासून भरणारी ही आपल्याकडची मोठी ऑफ-रोड स्पर्धा. त्याआधी गाडीची टेस्ट, म्हणून हा वीकेंड. आणि कुणालाही न विचारता मामा शनिवारी पहाटे छत्री घेऊन दारात उभा. 'येतो मी. बघू तरी काय विकत घेतलंय.'

गाडीवर गाडी

आता एक गोष्ट, जी रील्समध्ये कुणी सांगत नाही. जिप्सी मावळात चालत गेली नाही. ती फ्लॅटबेडवर चढवून नेली. मामाला हे फारच आवडलं. 'गाडी गाडीवर बसवून फिरायला न्यायची. वा!' हे त्याने सोमाटणे फाट्यापर्यंत चार वेळा म्हटलं.

कारण कायदा. मी जाण्याआधी ऑफिसात बसून वाचून काढला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: कंपनीने जशी गाडी बनवली आणि आरसी बुकवर जशी नोंदली, त्याहून वेगळी करायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दर बदलामागे, बरं का. मी फ्लॅटबेडच्या केबिनमध्ये बसून दादाच्या बोटांवर मोजलं: टायर, पाटे, बंपर आणि विंच, स्नॉर्कल, केज, दिवे. सहा. तीस हजार. त्यातला बंपर तर वेगळाच विषय. गाड्यांना असे लोखंडी गार्ड लावू देऊ नका असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय, कारण पुढच्या पादचाऱ्याचे पाय त्यावर मोडतात.

'म्हणून तर रस्त्यावर काढत नाही,' दादा म्हणाला.

'पण कलम गाडीत केलेल्या बदलाबद्दल आहे. कुठे चालवतोस त्याबद्दल नाही.'

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. मीही विषय ताणला नाही, फुकट बसले होते. पण तुम्ही कुणी बाइकचा सायलेन्सर किंवा गाडीचे टायर बदलायच्या विचारात असाल तर एवढं वाचून ठेवा. इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी हेच बघतात.

जागा होती पवना धरणाच्या पलीकडे, दादाच्या मित्राच्या काकांचा चौदा एकराचा डोंगरउतार. तिथून तिकोना दिसतो म्हणे. आम्हाला दोन दिवसांत फक्त ढग दिसले. मित्र स्वतःची थार घेऊन आला होता, २०२० नंतरचं मॉडेल, एक स्क्रूही न बदललेला. ऑफ-रोडचा पहिला नियम: एकट्या गाडीने जायचं नाही. दुसरा नियम, जिथे कुणाची परवानगी नाही तिथे जायचं नाही. काससारख्या सड्यांवर किंवा किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणारे महाभाग असतात ना, त्यांच्याबद्दल या दोघांची मतं छापण्याजोगी नाहीत. सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यातच ती सगळी फुलं उगवतात. टायर एकदा फिरला की गेला.

पहिली टेस्ट: चढ. लाल माती, वरून पाऊस, मध्ये पाण्याने कापलेली घळ. दादाने हेल्मेट घातलं, लिव्हर फोर-लो मध्ये टाकला, मला व्हिडिओ काढायला सांगितला आणि रेस केली. गाडी अर्ध्यात गेली आणि मागची चाकं भिंगरीसारखी फिरायला लागली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चिखल माझ्या तोंडावर. मामा छत्रीखाली शांतपणे उभा होता. मग गाडीच्या पुढच्या चाकाजवळ जाऊन वाकला.

'यावर इंग्रजीत फ्री लिहिलंय. ते बरोबर आहे का?'

बरोबर नव्हतं. दादाने पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक बसवलेत. ते 'लॉक'वर केल्याशिवाय आत कितीही लिव्हर ओढा, पुढची चाकं नुसती सोबत येतात, ओढत नाहीत. म्हणजे लाखो रुपये घातलेली फोर-बाय-फोर गाडी आमचा हिरो टू-बाय-फोर मध्ये चढवत होता. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. योग्य वेळी वापरला जाईल.

हब लॉक करूनही गाडी वरच्या टप्प्यात घसरत होतीच. मग मित्राने येऊन टायरमधली हवा सोडायला लावली. अठ्ठावीसवरून सोळा पीएसआय. हवा कमी झाली की टायर खाली लांबट पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो आणि दगडावर उसळण्याऐवजी त्याला वळसा घालून बसतो. पुढच्या प्रयत्नात जिप्सी वर. रेस नाही, आवाज नाही, म्हातारी जिना चढते तशी. दोन दिवसांत ज्या गोष्टीने गाडीच्या वागण्यात सगळ्यात मोठा फरक पडला, ती गोष्ट फुकट होती! (घरी जाताना हवा परत भरावी लागते, कॉम्प्रेसर हवा. कमी हवेत डांबरी रस्त्यावर पळवलं तर टायर तापून फाटू शकतो.)

मग त्याच चढावर मित्राने थार घातली. कंपनीतून आली तशी. गेली ना वर! त्याच्या गाडीला मागच्या डिफरन्शियलचं लॉक कंपनीनेच दिलंय. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव वाईट असतो: ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरतं, आणि ज्याला पकड आहे ते हातावर हात ठेवून उभं. लॉक टाकलं की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. दादाच्या यादीत लॉकर आहे, पण 'पुढच्या दिवाळीला'. मी विचारलं, मग आधी दिवे का घेतले? याचं उत्तर मिळालं नाही. माझं प्रामाणिक मत विचाराल तर, आपल्याकडे बरेचसे बदल फोटोत दिसणाऱ्या क्रमाने होतात.

फक्त एका जागी जिप्सी जिंकली. खालच्या दलदलीत थार जड असल्याने रुतली आणि जिप्सी हलकी म्हणून वरवरून निघून गेली. दादाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

दुपारी ओढा. आधी काठी घेऊन चालत जायचं, खोली आणि तळ बघायचा. पाणी गढूळ आणि वेगात असेल तर गाडीचा विचारच करायचा नाही. आमचं गुडघ्याच्या खाली होतं. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं लिहिलंय, आमच्याकडे तेवढं नव्हतंच. जिप्सीला तर स्नॉर्कल. दादा जरा जोरातच गेला, पुढे लाट उसळली, आणि बरोबर मध्यावर इंजिन बंद. हवा वरून येत होती हो, पण ठिणगी कुठून येणार? दादाने बॉनेट उघडलं तर डिस्ट्रिब्युटर भिजलेला. काम करून घेताना एका गॅरेजमध्ये त्यावरचं रबरी कव्हर काढलं होतं, ते परत बसलंच नव्हतं, आणि याने बघितलंही नव्हतं. वीस मिनिटं माझ्या ओढणीने पुसून गाडी सुरू झाली. पाण्यात जायचं ते चालत्या माणसाच्या वेगाने, हेही तेव्हाच कळलं. मामा काठावर बसून भडंग खात होता. काही बोलला नाही, आणि तेच दादाला जास्त लागलं असावं.

रविवार, सकाळी साडेआठ

रात्रभर कोसळला. सकाळी दादा म्हणाला, 'तू चालव. तुला लिहायचंय ना.' मला लायसन्स मिळून दोन वर्षं झालीयेत आणि मी रोज पप्पांची अल्टो चालवते, हे मी त्याला सांगितलं. दादाने एकच गोष्ट तीनदा सांगितली: उतारावर फोर-लो, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय बाजूला. गाडीला इंजिन धरून ठेवतं. ब्रेक अगदी लागला तर हळू. काही झालं तरी क्लच दाबायचा नाही.

पहिला उतार मस्त गेला. दुसराही. मला वाटलं, यात एवढं काय! तिसऱ्या उताराला खाली एक वळण होतं, प्लॉटची हद्द दाखवणारे पांढरे दगड होते आणि त्यांच्या पलीकडे शेजारच्यांची भातखाचरं, पाण्याने भरलेली. गाडीचा मागचा भाग जरासा सरकला. एवढासा. आणि माझ्या डाव्या पायाने शहरात रोज जे करतो तेच केलं. क्लच. वर ब्रेक.

क्लच दाबला की इंजिन आणि चाकांचं नातं तुटतं. राहतो तो उतार आणि एक टन लोखंड. ब्रेकने चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती बर्फावरच्यासारखी सरळ घसरत गेली, दगडांच्या मधून, आणि धप्प. पुढची दोन्ही चाकं बांध फोडून खाचरात. मला काही झालं नाही, केजमुळे म्हणणार होते, पण खरं तर वेगच नव्हता. काही सेकंद फक्त वायपरचा आवाज. आणि मग दुसरा एक आवाज, नळ सोडल्यासारखा. बांधाच्या भगदाडातून पाणी खालच्या खाचरात चाललं होतं.

'आगं बया, ह्ये काय केलंत!'

डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेल्या एक मावशी धावत येत होत्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आधी पाण्याकडे बघितलं, मग चाकांखालच्या रोपांकडे. 'काल दिसभर वाकून लावलंय ह्ये. सात बायका व्हत्या. रोजानं.'

मी सॉरी म्हटलं. तो शब्द तिथे किती हलका वाटला ते लिहिता येत नाही.

दादा विंचकडे धावला, आणि दोन पावलांवर थांबला. कारण विंच पुढे. पुढे खाचर. आम्हाला गाडी मागे हवी होती. चाळीस हजारांचं मशीन चिखलाकडे तोंड करून बसलं होतं. शेवटी मित्राने थार वर उभी केली आणि जिप्सीच्या मागच्या चासीच्या हुकाला पट्टा लावला. या पट्ट्यांबद्दल एक गंभीर गोष्ट: ताणलेला पट्टा किंवा दोर तुटला तर तो चाबकासारखा येतो आणि टोकाची लोखंडी कडी गोळीसारखी. त्यामुळे मधोमध ओलं पोतं टाकायचं, बंपरला किंवा कुठल्या तरी नटाला बांधायचं नाही, आणि बाकी सगळ्यांनी लांब उभं राहायचं. मावशींना लांब करायला मामाला दोनदा ओरडावं लागलं. पहिल्या ओढीत थारच घसरली. तिच्याही टायरमधली हवा काढली. मामा हात वर करून मार्ग दाखवत होता, एसटी डेपोत गाडी मागे घेतात तसा: 'येऊ दे, येऊ दे, त्याच चाकोरीतनं. दुसरं भगदाड नको.' दुसऱ्या ओढीत जिप्सी बाहेर आली आणि भगदाड दुप्पट मोकळं झालं.

आता पाणी अडवायला आमच्याकडे काय होतं? दोन गाड्या, दोन पट्टे, एक विंच, एक ड्रोन. फावडं नव्हतं. एवढं सामान घेऊन चिखलात आलेल्या चार माणसांकडे फावडं नव्हतं! ते मावशींनी आणलं. मामाने पँट वर केली आणि उतरला. त्याचं लहानपण वेल्ह्याकडचं, शेतातलं. मला हे माहीत होतं, पण असं कधी दिसलं नव्हतं. आधी गवताचे गड्डे मुळांसकट कापून भगदाडात रचायचे, त्यावर घट्ट चिखल, पायाने दाबायचा, पुन्हा गड्डे. नुसती माती टाकली तर पाणी ती घेऊन जातं. दादा आणि मी चिखल वाहत होतो. बांध उभा राहायला सव्वा तास लागला. मग मावशींनी उरलेल्या रोपांची जुडी माझ्या हातात दिली. चार-पाच काड्या एकत्र धरायच्या, अंगठ्याने खाली दाबायच्या, दोन चुडांमध्ये वीत अंतर. मी लावलेल्यातले निम्मे तरंगले. मावशींनी ते काढून परत लावले, न बोलता, माझ्या तिप्पट वेगाने.

दादाने पैसे पुढे केले. मला वाटलं नको म्हणतील, गोष्टीत म्हणतात तसं. त्यांनी घेतले, मोजले, कनवटीला लावले. 'दोन बायकांचा रोज झाला. पुढल्या बारीला तिकडनं फिरवा गाडी, वरच्या अंगानं.' आणि मला म्हणाल्या, 'तू चालवीत व्हतीस? बरं. शिक आधी.'

गाडी वर न्यायची होती. मी नाही म्हटलं. दादाचेही हात थरथरत होते. मामाने पाय धुतले, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि अनवाणीच स्टीअरिंगवर बसला. 'लो म्हणजे हा ना?' एवढंच विचारलं. जिप्सी त्या उतारावरून वर गेली, मग त्याने ती वळवून पुन्हा खाली आणली, उगाचच, आणि पुन्हा वर नेली. एकही चाक फिरलं नाही. खाली उतरल्यावर म्हणाला, 'घाटात आम्ही काय वेगळं करायचो? ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. एवढंच तर आहे.' दादाने विचारलं, कशी वाटली? मामाने दोन मिनिटं विचार केला. 'स्टीअरिंग जड आहे. विकून टाक.'

फ्लॅटबेड यायला तीन वाजले. तोवर दादा शेडमध्ये वही घेऊन बसला होता. टेस्टचा निकाल लिहीत होता, क्वालिटीचा माणूस ना! डिस्ट्रिब्युटरचं कव्हर. हब लॉकची चेकलिस्ट डॅशबोर्डवर चिकटवणे. वरचे दिवे विकून लॉकरसाठी पैसे बाजूला. मागच्या बाजूलाही ओढायची सोय. गोवा पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी. कलम ५२ पुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि ते तसंच ठेवलं. मी सुचवलं म्हणून एक ओळ माझ्याबद्दलही आहे, ती मी इथे देत नाही.

मामाने वही मागून घेतली, चष्मा लावून सगळं वाचलं आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'फावडं. १ नग.'

ते त्यांनी परतताना कामशेतच्या बाजारात घेतलं. मामा दांडा हातात तोलून बघत होता आणि दादा दुकानदाराशी भावावरून घासाघीस करत होता. मी मागे उभी राहून नखांतला चिखल काढत होते. तो अजून निघालेला नाही.